काशम्माची पाजणी

“मी नेहमी मारतो तसाच ठोका मारतोय, अक्का.”

“नेहमी एक मारायचास. आता दोन मारतोस. भिंतीपलीकडून ऐकू येतं मला.”

“सूत जाड आलंय या खेपेला.”

“व्हय की. त्याच गाठोड्यातलं सूत सगळ्या गल्लीत बारीक, आणि तुझ्या मागावर चढलं की जाड. सूतसुद्धा माणूस बघून फुगतं म्हणायचं.”

“तू तुझी पाजणी बघ. विणण्यातलं तुला काय कळतंय?”

“काय बी न्हाय कळत. ही साडी उभी राहते, एवढं कळतं. बघ.”

आणि काशम्मानं घडी घातलेली साडी उंबऱ्यावर खरोखरच उभी करून ठेवली. ती पडली नाही. मल्लय्यानं मान फिरवली.

साखर पेठेतल्या आमच्या गल्लीत या बहीणभावाची भांडणं तेलुगूत सुरू व्हायची आणि रंगात आली की मराठीत यायची. बाकीच्यांची गैरसोय नको. बत्तीस सालचा उन्हाळा होता. आमची नाटक कंपनी दोन मुक्कामांच्या मधे अडकलेली, म्हणून मी घरी होते, आणि आमचं दार त्यांच्या दारासमोर.

काशम्मा पन्नाशीची. तिचं काम कापड विणायच्या आधीचं. मागावर चढवण्यापूर्वी उभ्या सुताला भाताची खळ पाजावी लागते, नाहीतर ते टिकत नाही. भल्या सकाळी, ऊन तापायच्या आत, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या आधारानं त्या सुताचा ताणा ओढून बांधायचा. मग दोन बाजूंना दोघांनी खळीचे कुंचे घेऊन पावलाला पाऊल लावून चालायचं, सुतावरून कुंचा हलका ओढत. तीस वर्षं काशम्मा अशी चालत होती. हेच चालणं सरळ रेषेत केलं असतं तर काशीला जाऊन चार वेळा परत आले असते, असं तीच म्हणायची.

मल्लय्या तिचा धाकटा भाऊ. गेल्या श्रावणात त्याची बायको नरसम्मा तीन दिवसांच्या तापानं गेली. दिवस उरकले आणि दुसऱ्या सकाळी हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. त्यानंतर त्यानं तिचं नाव घेतलं नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आडवा धागा बसवायला विणकर फणी ओढून एक ठोका देतो; याच्या मागावर तेवढे दोन पडू लागले. कापड फळीसारखं ताठ यायचं, आणि तेवढ्याच सुतात साडी हातभर आखूड. मालकाचा मुकादम धोंडीराम यानं दोन साड्या परत टाकल्या होत्या. तिसरीही अशीच निघाली तर माग काढून दुसऱ्याला देणार, असं तो दारात उभा राहून सांगून गेला होता. माग गेला की मल्लय्याला गिरणीचा दरवाजा, आणि गिरणीच्या भोंग्याला तर तो पोरवयापासून शिव्या देत आलेला.

“आठ दिवस माग बंद ठेव,” काशम्मा म्हणाली. “माझ्यासमोर पाजणीला चल.”

“साडी अर्धी मागावर हाय. लोक हसतील.”

“हसू देत. त्यांनाबी सकाळचं काय तरी काम पायजे.”

पहिल्या सकाळी मी तोंडात मिश्री घेऊन ओट्यावर बसले होते. काशम्मानं भावाच्या हातात कुंचा दिला.

“टोकाला पोचलास की थांबायचं. श्वास सोडायचा. सगळा. तोंड उघडून.”

“आणि घ्यायचा कधी?”

“घ्यायचा न्हाय.”

“मग मरू का?”

“त्याचा तो येतो. तू बोलवायला जाऊ नको.”

माझे कान टवकारले. कंपनीत आमचे मास्तर उलटं सांगायचे: भर, पोटापर्यंत भर, मग वाक्य टाक. त्या दिवशी मल्लय्याच्या बाजूची चाळीसेक सुतं तुटली. तो दात आवळून चालत होता. टोकाला थांबायचा, पण तोंड काही उघडत नव्हता. दुपारी काशम्मा एकेक गाठ मारत बसली तेव्हा मी तिच्याजवळ सरकले.

“काशम्माक्का, हे श्वासाचं तुम्हाला कुणी शिकवलं?”

“सासूनं.”

“कशासाठी?”

“सूत तुटायचं म्हणून.” तिनं गाठीचं टोक चावून तोडलं. “एकोणीस वर्षांची होते मी. नवरा गेला. पंधराव्या दिवशी सासूनं पाजणीला उभं केलं. माझ्या बाजूचं सूत रोज तुटायचं. सासू म्हणाली, तू श्वास धरतीस. श्वास धरला की हात दाबतो, हात दाबला की सूत जातं. सोड.”

“रड म्हणाल्या नाहीत?”

“तिला मुलगा गेल्याचं दुःख होतं, मला काय रड म्हणती.”

“मग?”

“मग सूत तुटायचं थांबलं.”

“आणि रडू?”

“ते मधेच कवातरी येऊन गेलं. खळ वाळत होती. थांबून बघायला वेळ कुणाला?”

एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी मीच एक फेरी मागून घेतली. वाटलं होतं तसं सोपं नव्हतं. शेवटचा श्वास सोडला असं वाटतं तेव्हा खाली आणखी बराच शिल्लक असतो, आणि तो सोडायची भीती वाटते, का ते सांगता येत नाही. माझी अकरा सुतं तुटली. काशम्मानं कुंचा काढून घेतला.

“तुझा कंपनीचा श्वास ठेवणीतला हाय बाई. लई जपतीस.”

चौथ्या दिवशी मल्लय्यानं टोकाला तोंड उघडलं. पाचव्या दिवशी त्याची पंधराच सुतं तुटली. तो चिडचिडा झाला होता; जेवत नव्हता, पण बहिणीशी भांडतही नव्हता.

सहाव्या सकाळी, तिसऱ्या फेरीत, तो पलीकडच्या टोकाला थांबला, श्वास सोडला आणि सोडतच राहिला. त्या श्वासामागून एक आवाज निघाला. सुरुवातीला मला वाटलं कुणाचा तरी रहाट करकरतोय. मग तो मोठा झाला, फाटला, आणि मल्लय्या बांबूला धरून वाकला. मी स्टेजवर रडायला शिकले होते; आम्ही खांदे हलवतो. याचे खांदे जागेवर होते, सगळा भार बांबूवर होता. सगळा ताणा थरथरू लागला.

शेजारची मायाक्का हातातला झाडू तसाच घेऊन बाहेर आली. “काशम्मा, काय झालं गं त्याला?”

“काय न्हाय. पाजणी चाललीय.” मग भावाला, आवाज न चढवता: “बांबू सोड. ताणा ढिला पडतोय. चाल.”

“चालवत न्हाय, अक्का.”

“खळ वाळतीय. चाल. तोंड मिटू नको.”

तो चालला. रडत, मोठ्यानं, नाक न पुसता, एका हातानं कुंचा ओढत. समोरून ती, पावलाला पाऊल. तो टोकाला थांबला की तीही थांबायची. ‘नरसम्मा’ हे नाव त्या गल्लीनं आठ महिन्यांनी त्याच्या तोंडून ऐकलं, चार फेऱ्या ऐकलं. मायाक्का दारात खाली बसली. मला राहवलं नाही. फेऱ्या संपल्यावर मी त्याच्या बाजूनं ताण्याच्या कडेनं चालत गेले, सुतं बघत. एकही तुटलं नव्हतं.

आठ दिवस भरले आणि तो मागावर बसला. अर्धी राहिलेली साडी पुढं सुरू झाली. समोरच्या दारातून आता एकेक ठोका यायचा. चार दिवसांनी धोंडीराम आला. त्यानं मागावरचं कापड डोळे मिटून अंगठ्याखाली घासलं.

“हे गोणपाट. हे बी गोणपाट. आणि हितनं पुढं...” त्यानं डोळे उघडले. “काय बे मल्लय्या, मधेच मागावर दुसरं कोण बसलं होतं?”

“मीच.”

“मग मागलं कापून टाक, आणि हितनं नवी साडी धर. माग राहू दे तुझ्याकडं. मालकाला मी सांगतो.” निघताना तो काशम्माकडं वळला. “काय औषध दिलंत, काशम्माबाई?”

“खळ.”

तो हसत गेला. मीही हसले. मल्लय्या हसला नाही. कात्री हातात घेऊन तो खड्ड्यात तसाच बसून राहिला. ताठ कापड जिथं संपत होतं आणि मऊ सुरू होत होतं तिथं त्यानं बोट ठेवलं होतं.

“अक्का, हितं हात लाव.”

काशम्मानं वाकून हात लावला.

“ती हितं बाजूला बसून कांड्यांवर सूत भरायची. मी ठोका मारला की ती माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायची, रोज, उगंच. ती गेल्यावर दुसरा ठोका मी तिचा मारत होतो.” त्यानं कात्री मांडीवर ठेवली. “हितपतोर ती हाय. आता हात दुसरा ठोका मारतच न्हाय, मारायला गेलो तरी. तू माग वाचवलास माझा. पण तिला मी कुटं सोडून आलो, अक्का?”

काशम्माची बोटं ताठ कापडावरून मऊ कापडावर गेली, परत मागं आली. तिनं भावाच्या तोंडाकडं बघितलं. मी तिच्या उत्तराची वाट बघत होते, त्याच्याइतकीच.

तिनं हात काढून घेतला, पदर सावरला आणि उंबरा ओलांडून गल्लीत निघून गेली.