ओर्लीनाचं बारावं गाणं

आमच्या हेझल फोर्कच्या डोंगरात प्रेमगीत म्हटलं की कुणीतरी मरतंच. कुणी प्रेयसीला नदीत बुडवतो, कुणी विहिरीपाशी सुरा खुपसतो, कुणी दुधातून विष देतो. आजे-पणजे ह्याच गाण्यांना प्रेमगीतं म्हणायचे, आम्हीही म्हणतो, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. मी स्वतः ह्याच गाण्यांवर फिडल वाजवून बायको मिळवली. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त आमच्या राकट हातांनी वाजवलेलं.

त्यामुळे १९७० च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलहून पेटिग्रू नावाचे गृहस्थ रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आले आणि ओर्लीना पेनलँडला म्हणाले, "बाई, तुमचा अल्बम काढायचाय, नुसत्या प्रेमगीतांचा, बारा हवीत," तेव्हा ती निवांतपणे म्हणाली, "ढिगानं आहेत."

ओर्लीना पन्नाशीची विधवा. डुकरं पाळायची, शनिवारी सकाळी रेडिओवर गायची, साथीला माझं फिडल. तिच्या आवाजात गोडवा नावाला नव्हता, पण कुऱ्हाड लाकडात बसावी तसा तो बसायचा. तिनं पहिलं गाणं म्हटलं. त्यातला गडी पोरीचे केस धरून तिला काठाकाठानं फरफटत नेतो आणि डोहात लोटतो. पेटिग्रूंचा चेहरा पडला.

"ह्यात प्रेम कुठं आहे, बाई?"

"आता घ्या! प्रेम नसतं तर एवढं लांब ओढत नेलं असतं का? नावडतीला माणूस नुसता सोडून देतो."

मी हसलो. पेटिग्रू हसले नाहीत, पण म्हणाले, "आणखी एक म्हणा." मासा गळाला लागला होता.

तीन दिवस ती गाणी निवडत होती, स्वयंपाकघरात, सॉसेजचं मांस चिरता चिरता. सुरी थांबायची नाही. विषाची गाणी तिनं सगळी काढून टाकली. "विष घालणारा भित्रा असतो, ॲस्बरी," ती मला म्हणाली. "भित्र्याचं प्रेम मी गात नाही." खुन्याला फाशी होते ती गाणी तिनं तबकडीच्या पहिल्या बाजूला घेतली, तो सुटतो ती दुसऱ्या बाजूला. अकरा ठरली. बारावं कुठलं, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. फ्लॉसीचं.

फ्लॉसी ही ओर्लीनाची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी, डुकरं कापायच्या दिवसांत, तिच्या नवऱ्यानं, हॉबर्ट क्राउडरनं, तिला अंगणात कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. इतकं मारलं, की शवपेटीचं झाकण कुणाला उघडू दिलं नाही. हॉबर्टला चौदा वर्षांची सजा झाली. सुटून आला तो ओढ्याच्या खालच्या अंगाला, जुन्याच घरात राहू लागला. गाणं रचलं त्याच्या चुलत्यानं. चाल अशी, की अंगावर काटा येतो. आणि मधे हे कडवं:

गिरणीवाल्या पोरासंगं हसताना ती दिसली,
सांज ढळता दारामधी मान घालून बसली.

साफ खोटं. गिरणीवाला वगैरे कुणी नव्हताच. पण आमच्याकडं गाणं शिकवतात ते समोरासमोर बसून, गुडघ्याला गुडघा लावून, आणि जसं मिळालं तसं म्हणायचं. शब्द बदलला तर म्हातारी माणसं उठून जातात. म्हणून ओर्लीनासुद्धा एकोणीस वर्षं आपल्याच बहिणीला बदफैली ठरवणारं ते कडवं गात आली. मला ह्याचा फार राग यायचा. त्या दिवशी मी बोललोच.

"ते कडवं तबकडीवर गेलं, की जन्माचं गेलं. तुझी बहीण कायमची तसली ठरेल."

ओर्लीनानं सुरी खाली ठेवली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"खरं गायचं तर मला मधे यावं लागतं," ती म्हणाली. "त्या दिवशी ती इथं होती. माझ्याकडं. डुक्कर कापायला आलेली. तीनला निघत होती. 'उशीर झाला तर हॉबर्ट मारेल गं, ताई,' म्हणाली. मीच हात धरला. म्हटलं, मरो तो, ताजी कलेजी तळलीय, खाऊन जा. तिनं पोटभर खाल्ली, ॲस्बरी. हसत होती. ह्याच खुर्चीत."



"गिरणीवाला मला सोयीचा होता," ती म्हणाली. मग हात पुसून म्हणाली, "हॉबर्टला निरोप दे. उद्या दुपारी ये म्हणावं. ज्याचं गाणं, त्यानं समोर बसून ऐकावं."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तू निरोप दे."

हॉबर्ट आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. साठीचा होता, पण खांदे अजून बैलाचे. "काय मेहुणीबाई, माझं गाणं तबकडीवर चाललंय म्हणे," असं ओर्लीनाला म्हणून त्यानं पेटिग्रूंशी हात मिळवला. खुनाची ऐट मिरवणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. ओर्लीनानं आपल्यासमोर खुर्ची ओढली. दोघांचे गुडघे टेकले. पेटिग्रूंनी यंत्र सुरू केलं, मी गज तारांवर ठेवला.

पहिली तीन कडवी तिनं मिळाली तशी म्हटली. हॉबर्ट डोळे मिटून मान डोलवत होता. चौथ्याला तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

निघाली होती वेळेवर, मी हात धरून ठेवला,
थांब म्हणत फ्लॉसीला मी घास तिला भरवला.

हॉबर्टनं डोळे उघडले. "कडवं चुकलं," तो म्हणाला. ती गात राहिली.

गिरणीवाला नव्हता कुणी, होती माझी चूल,
तेवढ्यासाठी हॉबर्टनं तिचं...

पुढचा शब्द आलाच नाही. चुलीशेजारचा ओंडका उचलून त्यानं तिच्या तोंडावर हाणला होता. खुर्चीसकट ती आडवी झाली. त्यानं दुसऱ्यांदा हात उगारला, तेव्हा मी फिडल त्याच्या कानशिलावर घातलं. माझ्या बापाचं फिडल, पार चुरा झाला. तो वळला, त्यानं माझा गळा धरून मला भिंतीवर आपटलं. पेटिग्रू भले बारीक होते, पण त्यांनी मागून कढईच घातली त्याच्या डोक्यात. हॉबर्ट गुडघ्यांवर आला आणि तसाच बसून राहिला. नाकातून रक्त गळत होतं.

पेटिग्रू धापा टाकत यंत्र बंद करायला धावले. ओर्लीनानं जमिनीवरूनच हात वर केला. नाही.

प्रेमगीत अर्ध्यात सोडत नाहीत. ती खुर्चीला धरून उठली, खुर्ची सरळ केली, दोन दात तळहातावर थुंकले, ते एप्रनच्या खिशात टाकले. आणि जिथं तुटलं होतं तिथून, फुटक्या तोंडानं, उरलेली सगळी कडवी म्हटली. फिडल नव्हतं. हॉबर्ट खाली बसून ऐकत होता. शेवटचं कडवं संपल्यावर ती त्याला म्हणाली, "आता जा. आता ते तुझं गाणं नाही." पोलीस घेऊन शेरीफ येईपर्यंत तो ओढ्याकाठी बसला होता. दोन वर्षांनी तुरुंगातच मेला.

पेटिग्रूंना ते गाणं पुन्हा स्वच्छ रेकॉर्ड करायचं होतं. तिनं साफ नकार दिला. अल्बम निघाला तसाच. फार खपला नाही, पण आमच्या खोऱ्यात घरोघर आहे. बाराव्या गाण्यात ओंडक्याचा आवाज येतो, खुर्ची पडते, मी शिवी हासडतो, आणि मग दात पडलेल्या तोंडातून शीळ मिसळलेला तिचा आवाज.

ओर्लीना जाऊन आता अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात शाळेत पोरांचं गाणं होतं. एक बारा-तेरा वर्षांची मुलगी उठली, फ्लॉसीचं गाणं म्हणू लागली. तबकडीवरून शिकलेली. 'तेवढ्यासाठी हॉबर्टनं तिचं' इथं आली आणि गप्प झाली. तबकडीवर जेवढा वेळ जातो तेवढाच वेळ ती तशीच उभी राहिली. एकही म्हातारा खोकला नाही. मग तिनं पुढची कडवी उचलली, दातांतून शीळ घालत. दात सगळे शाबूत होते तिचे, पण गाणं तसं मिळालं होतं.

मी शेजारणीला विचारलं, "कुणाची गं ही?"

"क्राउडरांची," ती म्हणाली. "हॉबर्टच्या भावाची नात."