कॅप्टन दस्तूरांचा संशय

किस्से हे आमच्या भाईंदरच्या मिठासारखे. रोज थोडं पाणी येतं, वाळतं, आणि एक दिवस बघावं तर ढीग! सत्तर सालच्या आसपास आम्ही तिकडचे दोघं सांताक्रूझ विमानतळावर कामाला होतो. मी प्रवासी सोडायच्या गेटवर, आणि शेजारच्या राई गावचा पांडू म्हात्रे विमानात सामान चढवायला. पगार बेताचाच होता, पण संशय मात्र तिथे पोत्यानं मिळायचा.

*

सुरुवात घरापासूनच. मी फॉरेनची घड्याळं आणतो, अशी शेजारच्या काकूंची पक्की खात्री होती.

"अरे, एक तरी दे की! तुझ्याकडे नसेल असं होईल का?"

मी दोन्ही मनगटं पुढे केली. रिकामी!

काकू आतल्या खोलीकडे वळून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? सगळी विकली पण यानं!"

*

पण संशयात खरी पीएच.डी. आमच्या पारशी कॅप्टन दस्तूरांची! विमानात त्यांचा शब्द शेवटचा, आणि आमच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

"सगळे पॅसेंजर चढले, सर."

"तुला कोणी सांगितला?"

"मी मोजले, सर."

"आणि तुला मोजायला कोणी शिकवला?"

मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. कॅप्टनची एक तक्रार गेली की मी परत वडिलांबरोबर मिठागरात मीठ ओढायला! त्यामुळे हा माणूस रोज माझी परीक्षाच घेतोय, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगू, रात्री स्वप्नातसुद्धा मी माणसं मोजायचो.

*

एकदा एका पुढाऱ्यानं पहिल्या रांगेत पाय पसरून हुकूम सोडला, "माझा माणूस येतोय. विमान थांबवा."

कॅप्टन बाहेर आले. "साहेब, तुम्हाला त्याच्याबरोबर जायचा की माझ्याबरोबर?"

पुढाऱ्यानं निमूटपणे पट्टा बांधला. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवतोय, तेवढ्यात कॅप्टन माझ्याकडे वळले.

"थांबतो म्हणून तूच बोलला असशील त्याला! ऐकून ठेव. टाइम झाला की दार बंद. माझा बाप आला तरी!"

*

पांडू सामान चढवताना आपला डबा सावलीला म्हणून विमानातल्या सामानाच्या खणात ठेवायचा. एकदा डबा तिथेच राहिला. आत होतं सुकट!

कॅप्टन नाक वर करून बाहेर आले. "काय तरी जळते."

इंजिनीअर धावले, शोधाशोध झाली आणि शेवटी डबा निघाला.

"कोणाचा हा?"

पांडू माझ्या पाठीमागे सरकला. पांडूची नोकरी गेल्यात जमा होती. तेवढ्यात एअर होस्टेस मिस देवधर पुढे आली. "माझा, सर!" जन्मात मासळीला हात न लावलेली बाई!

कॅप्टननी तिला नीट न्याहाळलं. "तुझा? तर मग खा!"

आणि तिनं शिडीवर उभ्या उभ्या सुकट खाल्लं! त्या दिवशी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

आठवड्यानं पांडू तोंड पाडून माझ्याकडे आला. "ती देवधर बाय रोज इचारते, सुकट हाय का म्हणून. आता डबा लपवू कुठं?"

*

आणि मग तो दिवस आला. कॅप्टन दस्तूरांचं अहमदाबादचं विमान, टाइम झालेला, आणि एक प्रवासी कमी. नाव, मिसेस दस्तूर!

"अहो, त्यांची आई आहे ती!" मिस देवधर शिडीवरून कुजबुजली.

मी यादी पुन्हा वाचली. कॅप्टननी बापाचं सांगितलं होतं, आईचं नाही!

पांडू कानाशी आला. "परीक्षा हाय ही. लाव दार!"

मी हात हलवला. मिस देवधरनं दार लावलं. कॉकपिटची खिडकी सरकली.

"कोण राहिला?"

"तुमच्या आई, सर."

कॅप्टन माझ्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे मिठागर उभं राहिलं. मग ते हळूच म्हणाले, "तिला सांग, दार मी लावायला सांगितला. तुझा नाव घेऊ नको."

खिडकी बंद झाली. पंखे फिरले. विमान गेलं.

थोड्या वेळानं हातात करंडी घेऊन म्हातारी धापा टाकत आली. मी ताठ उभा राहून म्हणालो, "कॅप्टनसाहेबांचा हुकूम होता, मॅडम. दार त्यांनीच लावायला सांगितलं."

म्हातारीनं चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अगदी कॅप्टनसारखंच!

"माझा फली? माझ्या तोंडावर दार लावेल? त्याची हिंमत नाय! खरा बोल, डिकरा... कोणी लावला?"