समुद्राचा पाटकरी

परमेश्वराने पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन ठेवली, ही वाटणी ज्यांना मनापासून कधीच पटली नाही असे जगात एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे साडू आहेत. त्यांचं म्हणणं, एवढं पाणी ठेवायचंच होतं तर देवानं त्यावर एखादं इंजिन तरी बसवून द्यायचं.

साडू कसबा बावड्याचे. ऊस हा त्यांचा व्यवसाय नव्हे, मोजमापाचं साधन आहे. कुठलीही जागा ते फुटात मोजत नाहीत, उसाच्या सऱ्यांत मोजतात. आमची दोघांची लग्नं हातकणंगल्याला एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर झाली. सासऱ्यांनी दोन्ही मुली एका दमात उजवल्या. थोरली मला, धाकटी त्यांना. समोर अंतरपाट, मंगलाष्टकं टिपेला पोचलेली, मी घामाने निथळतोय, आणि शेजारच्या पाटावरून हे माझ्याकडे झुकून म्हणाले, "साडू, मांडवात बारा सऱ्या आरामात बसत्यात." दुसरी खोड पाणी चाखायची. नळ असो, विहीर असो, पाहुण्यांच्या घरचा माठ असो, आधी तळहातावर घोटभर घेऊन जिभेला लावणार आणि डोळे मिटून निकाल देणार. आणि तिसरी म्हणजे पाळी. पाटाचं पाणी कुणाच्या रानात, कुठल्या वारी, किती वाजता सोडायचं हे ठरवणारा पाटकरी हाच त्यांचा पंतप्रधान. पाळी चुकली की ऊस वाळला. म्हणून त्यांच्या घरात बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं दोन पाळ्यांच्या मधे बसवतात. मधुचंद्रही तसाच बसवला. चार दिवस.

मधुचंद्राची कल्पना अर्थातच माझी. मंगळवार पेठेत राहणारा, हायस्कुलात भूगोल शिकवणारा सुशिक्षित माणूस मी! सासरे आधी गडबडले. नवी जोडपी एकटीच परगावी म्हणजे काय? शेवटी त्यांनीच तोड काढली: "चौघं मिळून जावा. मंजे कुणीच एकटं न्हाय." अशा रीतीने आम्ही एस.टी.त पुढेमागे बसून, आंबा घाटात दोन वेळा ओकून रत्नागिरीला पोचलो. माझ्या खिशात चार दिवसांचं वेळापत्रक होतं: दीपगृह, किल्ला, ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा. आणि तिसऱ्या दिवशी, गावापासून सहा मैलांवरच्या एका वाडीसमोर समुद्रातल्या खडकावर असलेलं छोटंसं देऊळ, सकाळी ठीक दहा वाजता.

पहिल्याच संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर साडूंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ओंजळ भरली, चाखली, थुंकले, आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा बावड्याच्या आवाजात म्हणाले, "आरं तिच्या! एवढं पाणी, आन् एक सरी भिजत न्हाय?" आसपासच्या चार जोडप्यांनी वळून पाहिलं. धाकटीने पदर ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी राजाच्या वाड्यात त्यांनी दरबाराच्या सऱ्या मोजल्या, दीपगृहावर रखवालदाराला विहिरीला किती पुरुष पाणी आहे ते विचारलं, आणि दर वेळी धाकटीचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. संध्याकाळी लॉजच्या पायरीवर ती माझ्या बायकोला म्हणाली, "आक्का, तुझं नशीब शिकलेलं निघालं बघ." मी आतून ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. तिला मात्र रडू आलं होतं. लग्नाला सात दिवस झाले होते, आणि थोरल्या बहिणीच्या शेजारी उभं राहताना तिला आपल्या नवऱ्याची लाज वाटू लागली होती.

हे साडूंना कळलं की नाही कोण जाणे. ते त्या वेळी किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाजवळ बसले होते. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. काल इथवर असलेलं पाणी आज तिथवर कसं गेलं, हे साडूंच्या मनातून हलत नव्हतं.

"मामा, ह्ये पाणी सोडतंय कोण?"

म्हाताऱ्याने जाळ्यावरची नजर न काढता बोट वर केलं. "चंद्र."

"मग पाळी ठरल्याली असणार की!"

"ठरलेली तर. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता भरती पुरी. तिथून सव्वासहा तासांनी तळ. वाडीसमोरच्या देवळाची वाट तळाच्या आगेमागे तासभरच उघडी."

साडू बराच वेळ चंद्राकडे बघत राहिले. मग खुशीत येऊन म्हणाले, "पाटकरी बरा हाय. वशिला चालत नसंल ह्याच्याकडं."

परत आल्यावर त्यांनी मला बजावलं, "साडू, उद्या धाला त्या देवळाकडं न्हाय जायला यायचं." मी दयाळूपणे हसलो. "तुम्ही ऊस बघा. समुद्र माझ्याकडे सोडा." आता सांगायला हरकत नाही: त्या वर्षी नववीला भरती-ओहोटी मीच शिकवली होती, सूर्य-चंद्र-पृथ्वी रंगीत खडूंनी काढून. पण देवदर्शन सकाळीच करायचं असतं, एवढ्या एका शास्त्रावर मी दहा वाजता असं लिहून टाकलं होतं.

दहाला वाडीवर उतरलो. देऊळ समोर होतं, आणि देवळाच्या नि आमच्या मधे खवळलेला, काठोकाठ भरलेला अरबी समुद्र होता. बसमधून आलेली आणखी दोन जोडपी माझ्याकडे बघू लागली, कारण वाटभर मी त्यांना माहिती देत आलो होतो. "निसर्ग!" एवढंच मला सुचलं. कंडक्टर म्हणाला, ही बस बाराला परत, पुढची थेट साडेसहाला.

साडू बोटं मोजत होते. "आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेधा. मंजे आत्ता भरत आलंय. पावणेपाचला तळ. पावणेचारला वाट उघडंल." मग कुणाकडे न बघता हळूच, "थांबायचं असंल तर."

त्या दोन जोडप्यांतला एक पुरुष फिसकन हसला. बारा वाजले. मी बसच्या पायरीवर पाय ठेवला. धाकटीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि मग नवऱ्याकडे. उन्हात कपाळावर आठी घालून ते पाण्याची कड बघत उभे होते, अगदी रानात उभे असतील तसे.

"मी थांबते ह्यांच्याबरोबर," ती म्हणाली.

बहीण थांबली म्हणून बायको थांबली, बायको थांबली म्हणून मी, आणि आता फजिती बघायला मिळणार म्हणून ती दोन्ही जोडपी. झापाच्या सावलीत शहाळी पीत बसलो. साडेतीनपर्यंत मी सारखं घड्याळ बघत होतो, आणि सांगायला लाज वाटते, पाणी उतरू नये असं मनात म्हणत होतो. धाकटी घड्याळ बघत नव्हती. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

पावणेचारला पाणी दुभंगलं. शेताचा बांध उघडा पडावा तशी ओल्या वाळूची एक पाठ वर आली आणि सरळ देवळापर्यंत गेली. साडूंनी पँट दुमडली, आणि भर दिवसा, सहा माणसांच्या देखत, आमच्या त्या काळात, बायकोपुढे हात केला. तिने तो धरला. समुद्राच्या मधोमध ती दोघं पुढे चालली आणि आम्ही सगळे शिकलेले वऱ्हाडासारखे मागून! देवळातली घंटा धाकटीने अशी वाजवली की हातकणंगल्याला ऐकू गेली असेल.

साडेपाचला साडू गरजले, "चला! पाणी सुटलं!" एकही माणूस रेंगाळला नाही. आम्ही काठावर आलो आणि पाव तासात वाट मिटली. फिसकन हसणाऱ्या गृहस्थाने साडूंना वाकून नमस्कार केला.

धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आक्का, दाजी शाळेत काय शिकवत्यात गं?"

"भूगोल," बायको म्हणाली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा पोट धरून हसली.

याला वीसेक वर्षं झाली. साडू पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी नेमकी पाळी यायची. आता खालच्या रानात नवी घरं उठलीत, उरलेल्या तुकड्याला पाळीही पहिल्यासारखी लागत नाही. पण जायचं ते राहिलंच.

परवा संध्याकाळी बावड्याला गेलो होतो. सोप्यात चहा चालला होता. मधेच धाकटीने कप खाली ठेवला. "अहो, आज तिथी काय?"

"षष्ठी," साडू म्हणाले. बोटं मोजायची त्यांना आता गरज नसते. "साडेचारला भरलंय. आत्ता उतराय लागलं असंल."

"आन् वाट?"

"येळ हाय अजून."

दोघंही पश्चिमेकडे बघत होती. तिकडे त्या नव्या घरांच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या साड्या होत्या, बाकी काही नव्हतं.

"थांबते की," धाकटी म्हणाली.