बांधाला घाल

चुलतभावाशी माझं मराठीत बोलणं बंद होतं. हिंदीत चालू होतं. हसू नका, खरंच तसं होतं.

मराठीतलं बंद पडलं ते म्हसवडजवळच्या आमच्या रानातल्या बांधापायी. त्याच्या आणि माझ्या शाळूच्या पट्ट्यांमधला तो बांध. दर नांगरटीला कुणीतरी तो वीतभर कोरायचं, आणि कोरणारा नेहमी पलीकडचाच असायचा. शेवटी बांधावर पाय ठेवायलाही जागा उरली नाही. बायका तेवढ्या हळदीकुंकवाला एकमेकींकडं जायच्या. त्यांना असल्या उद्योगाला वेळ नव्हता.

मी फौजेतनं ड्रायव्हर म्हणून सुटलो आणि तिकडं चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत डंपरवर लागलो. बघतो तर हा बाबा आधीच तिथं डोझरवर बसलेला. कुठंही जा, भावकी आडवी. डंपर माझा, पण डंपरची वाट त्याची. खाणीत उतरणाऱ्या रस्त्याची डागडुजी, पावसाच्या पाण्याचे चर, सगळं त्याच्याकडं. कामापुरतं बोलणं भागच होतं. ते वॉकीटॉकीवर, हिंदीत.

पावसाळ्यात कोळशाची भुकटी आणि पाणी एक झालं की ती वाट साबणासारखी व्हायची. एका अंगाला डोंगरासारखी भिंत, दुसऱ्या अंगाला खोल खाण. पाणी भिंतीकडच्या चरात घ्यायचं, तळाला साठवायचं आणि पंपानं बाहेर काढायचं, अशी तिथली रीत. खाणीकडच्या कडेला मातीचा बांध, घसरला डंपर तर अडावा म्हणून. तिकडं त्याला बर्म म्हणायचे.

एका वळणावर त्या बांधाच्या बुडाला पाणी साचायचं आणि माझा डंपर तिथं हमखास डोलायचा. मी ओरडायचो, "पानी खडा है, बर्म काटो, ओवर." तिकडनं थंडपणे यायचं, "नहीं कटेगा, ओवर." माझं टाळकंच सरकायचं. घरचा बांध कोरताना यांचा हात कधी अडला नाही, आणि इथं म्हणे नहीं कटेगा! त्यानं पाळी संपल्यावरही थांबून तो रस्ता खरवडला, भिंतीकडं उतार दिला, चर खोल केला, आणि निघालेला मुरूम बांधावरच चढवला. मी शेजारनं जाताना मुद्दाम लांबलचक हॉर्न दिला.

पुढं पावसाची झड लागली. एका सकाळी मी रिकामा डंपर घेऊन उतरत होतो. वळणाच्या अलीकडं भिंतीवरनं ताजा चिखल घसरून आला होता. त्यावर चाकं गेली आणि डंपर माझं ऐकेना. ब्रेक लावला तरी सरकतच होता. उजवीकडनं भरलेला डंपर वर येत होता. डावीकडं बांध, आणि बांधापलीकडं खाण. अशा वेळी घरच्यांचे चेहरे दिसतात म्हणे. मला काही दिसलं नाही, नुसतं तोंड कोरडं पडलं.

तो खाली डोझरवरनं बघत होता. वॉकीटॉकी खरखरला आणि त्याचा आवाज आला, मराठीत. "गड्या, बांधाला घाल. भिऊ नगं. माझा बांध हाय, बांधाला घाल."

मी घातला. पुढचं चाक मातीत रुतलं, डंपर कलला, थरथरला आणि उभा राहिला. वरची थोडी माती ढासळली, पण बांध जागचा हलला नाही. जिथं फोड म्हणून मी ओरडत होतो, नेमकी तीच जागा.

तो चिखल तुडवत आला आणि हाताला धरून मला शिडीवरनं खाली घेतलं.

"दादा, माझं ऐकून फोडला असतास म्हंजे?"

"मला बांध फोडाय येत न्हाई गड्या."

"आणि घरचा?"

"त्यो तूच कोरलायस की."

तिथंच चिखलात बसून आम्ही हसलो. मी हसता हसता रडलो, लपवायचं कशाला? माझा जीव त्यानं राखला, आणि तोही माझ्याशी बोलत नसताना राखला. हे उपकार फेडायची मला मुळीच घाई नाही. अंगावर राहू देत, बरं वाटतं.

आता दोघंही खाण सोडून घरी आलोय. यंदा नांगरटीला ट्रॅक्टरवाल्यानं मला सवयीनं विचारलं, "बांधाला किती चिकटून घेऊ?" म्हटलं, "लांबनं घे. दोन हात सोड." मला ताप चढलाय की काय, अशा नजरेनं त्यानं बघितलं. काही दिवसांनी दादाची नांगरट झाली. जाऊन बघतो तर त्यानंही पलीकडनं दोन हात सोडलेले.

बांध आता चांगला ऐसपैस झालाय. दुपारची भाकरी आम्ही त्याच्यावरच मांडी घालून, शेजारी शेजारी बसून खातो. भांडण निघालंच, तर हिंदीत करतो.