दसऱ्यानंतर ड्रायव्हर चालेना

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला लॉगबुक आहे.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी ते असायचंच. यंत्राला कोणी, कधी, कशासाठी हात लावला हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. (मिक्सरचंही एक होतं. ते आमच्या हिने, म्हणजे शुभदाने, रद्दीत घातलं. त्याची नोंद मात्र कुठेच नाही!)

कॉम्प्युटर मूळचा आमच्या लेकीचा, जुईचा. नोकरीसाठी जर्मनीला जाताना तिने त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं. "म्हणजे बाबा, तुम्ही वाटेल तिथे क्लिक केलंत तरी व्हायरसची भीती नको," असा माझ्यावरचा गाढ विश्वास तिने व्यक्त केला. सोबत ट्रक चालवायचा एक गेमही टाकला. दोन देशांत बसून दोघांना एकत्र खेळता येईल असा. दर रविवारी दुपारी दोनला, म्हणजे तिच्या सकाळी, आम्ही हेडफोन लावून निघतो. मी ताशी पन्नासच्या वर जात नाही, आणि ती सटाण्याचा कांदा भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकल्यासारखी माझ्यामागे हॉर्न वाजवत बसते.

चेष्टा राहू द्या, पण या गेमशिवाय आम्हा बापलेकीला बोलताच येत नाही. व्हिडिओ कॉलवर समोरासमोर आलो की "जेवलीस?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." संपलं! मी फोन शुभदाकडे देऊन मोकळा. पण दोघं रस्त्याकडे बघत असलो की जुई आपोआप बोलायला लागते. ऑफिसचं, घरमालकिणीचं, कधी कधी एकटं वाटण्याचं. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नसलं की आमच्यासारख्यांना सोपं जातं. दसऱ्याआधीच्या रविवारी ट्रक उभा करता करता ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी तुम्हाला एक सांगायचंय. पण गेममध्येच हं, फोनवर नाही." आठवडाभर मी तर्क करत बसलो.

मधे गुरुवारी दसरा झाला. शनिवारी मी गेमची ट्रायल घेतली. (आयत्या वेळी यंत्र सुरू करायचं नसतं!) तर ट्रक एकेक चित्र थांबत थांबत सरकायला लागला. मी लॉगबुक उघडलं. मागच्या रविवारची नोंद होती, 'गेम उत्तम चालला.' त्यापुढे कोरं पान. म्हणजे यंत्राला कोणी हात लावलेला नाही, म्हणजे दोष आतला! इंटरनेटवर शोधलं, तर तिथल्या जाणकारांचं म्हणणं पडलं की ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झाला असणार. ड्रायव्हर म्हणजे लिनक्स आणि चित्र काढणारं कार्ड यांच्यातला दुभाषा.

"अहो, उद्या पोरीचा गेम आहे. आज कशाला उचकताय?" शुभदा म्हणाली.

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हणालो, तेव्हा पुढे काय झालं त्याचं एक वेगळं लॉगबुक होईल.)

जुना ड्रायव्हर काढला, सगळ्यात नवीन टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा काळाकुट्ट! वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

रविवारी दोनला फोन वाजला. "बाबा, तुम्ही ऑनलाइन का नाही?"

"थोडं मेंटेनन्स काढलंय."

"काय केलंत?" आवाज हुबेहूब माझ्या जुन्या साहेबांचा. मी सगळं कबूल केलं.

"बाबा! आपलं कार्ड जुनं आहे. नवा ड्रायव्हर त्याला ओळखतच नाही. त्याला जुनाच लागतो!"

मग फोन कीबोर्डशेजारी स्पीकरवर ठेवून ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. "एस, यू, डी, ओ. आता जागा सोडा." "किती?" "एकच हो!" कंट्रोल रूमच्या शिस्तीने मी प्रत्येक अक्षर परत वाचून दाखवत होतो, त्यामुळे एका ओळीला दहा मिनिटं लागत होती. शेवटी जुना ड्रायव्हर उतरायला लागला.

"किती झालं?"

"बावीस टक्के."

"बाबा."

"बोल. सव्वीस."

"मला परत यायचंय. नोकरी सोडून, नाशिकला."

पुढचा आकडा सांगायचं मी विसरलो. तीच म्हणाली,

"मी निघाले तेव्हा तुम्ही सगळ्या सोसायटीला पेढे वाटलेत. लोक म्हणतील, जमलं नाही म्हणून आली."

समोर आकडे तेवढे सरकत होते. "जुई, आपण आत्ता काय करतोय?"

"जुना ड्रायव्हर परत टाकतोय."

"का?"

"नवीन जमला नाही म्हणून."

"मग कार्डात काही खोट आहे का?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "किती झालं?"

"एकाहत्तर. तू ये परत." मलाही पडदा अंधुक दिसायला लागला होता, आणि त्यात ड्रायव्हरचा काही दोष नव्हता.

मशीन सुरू झालं. गेम लावला. ट्रक पुन्हा तसाच अडखळत!

"ड्रायव्हर नीट बसलाय," जुई गोंधळली. "मशीनला कोणी हात लावला होता का?"

"कोणीही नाही. लॉगबुकात नोंदच नाही!"

"अहो, दसऱ्याला पूजा नाही का केलीत?" शुभदा स्वयंपाकघरातून ओरडली. "सगळ्या वायरी काढून, पुसून!"

"पूजा म्हणजे हात लावणं नव्हे!" मी ठणकावलं. केंद्रातही दसऱ्याला यंत्रांना हळदकुंकू, झेंडू सगळं व्हायचं, पण लॉगबुकात ते मी कधी लिहिलं नाही. देवाच्या कामाची कसली नोंद?

तरी मशीन फिरवून मागे वाकलो. पडद्याची वायर कार्डात नव्हतीच! ती वरच्या, भलत्याच भोकात होती, म्हणजे चित्र काढायचं काम कार्डाकडे जातच नव्हतं. कार्डाच्या भोकात झेंडूचं फूल होतं. मीच खोचलेलं. फुलाला धक्का लागू नये म्हणून वायर वर लावली होती, तीही मीच!

जुई इतकी हसली की तिकडे तिची शेजारीण तक्रार घेऊन आली का काय असं वाटलं. वायर बदलली आणि ट्रक सुसाट निघाला. त्या दिवशी आम्ही तासभर काही न बोलता गाडी चालवली. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

संध्याकाळी मी नोंद केली, 'कार्ड निर्दोष. ड्रायव्हर निर्दोष. बिघाड ऑपरेटरमध्ये.' आणि सही केली. तपासणाऱ्याच्या रकान्यात शुभदाने न विचारता सही ठोकली आणि शेरा मारला, 'ऑपरेटर जुना आहे. बदली मिळत नाही. चालवून घ्यावा.'