उधाणाला लाइन जाते, असं मी सांगितलं

मी दुसरीतच शाळा सोडली, पण मिठागरात माझा शब्द शेवटचा. धरमतरच्या खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं, ते मी सांगायचो. त्यामुळं घरच्या टेलिफोनचं दुखणंही मीच ओळखणार, यात मला शंका नव्हती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पोरानं कॉम्प्युटर आणला. मुंबईच्या एका कंपनीचं टायपिंग घरी करायचं आणि टेलिफोनच्या लाइनीवरून इंटरनेटनं पाठवायचं, असं ठरलं. लाइन टिकली तर तो घरी राहणार, नाहीतर रोह्याला कारखान्यात शिफ्ट. घरात आम्ही दोघंच. मला तो घरी हवा होता, पण तसं तोंडानं कधी बोललो नाय.

लाइन टिकेना. मग त्यानं मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरची फुकटची सिस्टीम कॉम्प्युटरात घातली. तिचा सगळा कारभार उघडा, कुणीही आत डोकावून बघावं. तिच्यातून तो मुंबईच्या कॉम्प्युटरला लाइनीवरून हाका सोडायचा, ‘पिंग’ म्हणायचा त्यांना, आणि किती परत येतात, किती वेळ लावतात, ते बघत बसायचा. निम्म्या हाका वाटेतच मरायच्या.

"उधाण हाय," मी म्हणालो. "केबलीत पाणी शिरतंय."

"बाबा, ओहोटीला पण असंच होतं."

"मला खाडी शिकवतोस व्हय?"

पेणच्या टेलिफोन ऑफिसात जाऊन मी ठासून सांगितलं, माणूस पाठवाल तो उधाणालाच पाठवा. त्यांनी ऐकलं. माणूस आला, मीटर लावला. लाइन ठणठणीत! पोरानं आपले आकडे पुढं केले.

"फुकटच्या प्रोग्रामचं माप आम्ही धरत नाय," ऑफिसचा माणूस म्हणाला. "बोललेलं ऐकू येतं ना? मग झालं तर."

"नाय, पण हाका मरतात त्या?" मी विचारलं.

तो हसला आणि तक्रार बंद करून गेला. पाणी उतरलं तसं पोरानं पुन्हा माप घेतलं. निम्म्या गेलेल्या. तो मला एका शब्दानं बोलला नाय. बोलला असता तर मी भांडलो तरी असतो. केबलीत पाणी शिरतंच, हे मी आजही म्हणतो. पण कुणाला दाखवू?

आठवड्यानं तो रोह्याला खोली घेऊन राहिला. तिथून त्यानं फोन केला. आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ.

"बाबा, जेवलात?"

"व्हय. तू?"

"जेवलो."

मग मी त्याला उद्याच्या भरतीची वेळ सांगितली.