मुंग्या गेल्यानंतर

टेलरकाकूंना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा होता तोवर तो 'अगं' म्हणायचा. तो गेला आणि गल्लीने ठेवलेलं नाव तेवढं मागे राहिलं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पायमशीन, भिंतीशी कापायचं टेबल, आणि दारामागच्या खिळ्यांना टांगलेले लोकांचे कपडे. कुणाच्या पँटची कंबर सैल करायची, कुणाच्या फ्रॉकची उंची कमी करायची. परगावी असलेली मुलगी फोनवर सारखी मागे लागायची, "आई, मशीनला मोटर बसवून घे ना." काकू म्हणायच्या, "मोटर आपल्याच तंद्रीत पळते गं. कापड कुठे अडतंय ते पायाला कळतं."

घरात दुसरं माणूस म्हणजे नणंद. टेलिफोनच्या ऑफिसात लोकांचे कॉल जोडून देता देता निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. भाऊ गेल्यावर ती चार दिवस सोबतीला म्हणून आली, ते चार दिवस अजून संपले नव्हते. काकू तिला वन्सं म्हणत, ती त्यांना वहिनी.

दुखणं सुरू झालं ते मुंग्यांनी. संध्याकाळी मशीनवरून उठलं की तळव्यांना मुंग्या येत. त्या काय, सगळ्यांनाच येतात आणि पाय झटकला की जातात. पण या जाईनात. बोटांत सुरू होऊन हळूहळू टाचेकडे सरकत, पुन्हा मागे फिरत. एकदा तर काकूंनी पांघरूण उलटं करून झटकलं, आता खरंच मुंग्या पडणार अशा खात्रीने. काहीच पडलं नाही. मग आग सुरू झाली. चादरीचं टोक पायाला लागलं तरी अंगावर शहारा यायचा.

"डॉक्टरला दाखवू या का?" काकूंनी विचारलं.

"पाय दुखले म्हणून डॉक्टर? मग पोस्टमननी दवाखान्यातच खाट टाकायची!" वन्संनी पदर खोचला. "मी आहे ना. मला फक्त मोकळीक द्या."

मोकळीक मिळाली आणि घराचा दवाखाना झाला. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसणं, कापूर घातलेलं खोबरेल, रात्रभर भिजवलेल्या मेथ्या सकाळी उपाशीपोटी, गार पाण्याची बाटली आडवी ठेवून तिच्यावर तळवा फिरवणं. कुणा मैत्रिणीने सांगितलं म्हणून लसूण घालून तेल कढवलं, त्या दिवशी ब्लाउज न्यायला आलेली शाळेतली बाई दारातच थबकली.

"काकू, काय तळताय एवढं?"

"पाय," काकू म्हणाल्या.

आराम पडायचा, नाही असं नाही. तेल लावताना वन्सं बोलत राहायच्या, जुन्या ऑफिसातल्या गोष्टी, कोण कुणाचं बोलणं चोरून ऐकायचं ते. काकूंचे डोळे मिटायचे. मिठाच्या पाण्याने तर फारच बरं वाटे. फक्त ते पाणी त्यांना हल्ली कोमटच लागेना.

"अजून थोडं गरम घाला, वन्सं."

"अहो, वाफा निघतायत!"

"मला गारच लागतंय."

आणि मग एका आठवड्यात आग थांबली. मुंग्याही गेल्या. वन्संनी गल्लीभर सांगितलं. फोन फिरवून परगावच्या भाचीला सांगितलं. आपल्या हाताला गुण आहे हे त्यांना आधीपासून ठाऊकच होतं, जगाला तेवढं कळायचं राहिलं होतं. समोरच्या इमारतीतून गुडघेदुखीच्या बायका तेलाची कृती विचारायला आल्या.

काकूही खूश होत्या. पण त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती कशी सांगावी ते सुचत नव्हतं. फरशीवरून चालताना वाटायचं, घरात कुणी जाड गालिचा अंथरलाय. दुधाच्या दुकानात एकदा दुकानदार म्हणाला, "काकू, एक चप्पल कुठे?" मागे वळून पाहिलं तर चप्पल रस्त्याच्या मधोमध पडलेली. ती पायातून कधी निघाली ते त्यांना कळलंच नव्हतं.

मग ती संध्याकाळ. वन्सं नेहमीसारख्या पाय चोळायला बसल्या. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. वन्सं त्या दिवशी कसल्याशा विचारात गप्प होत्या. बराच वेळ गेला तसं काकूंनी विचारलं, "वन्सं, हात धुवायला गेलात का? या ना, चोळता ना पाय?"

उत्तर पायथ्याशीच उमटलं, अगदी जवळून. "वहिनी, मी मघापासून चोळतेच आहे."

काकूंनी डोळे उघडले. वन्संचे दोन्ही हात तेलाने चकाकत होते आणि त्या हातांत एक पाय होता. कुणाचा तरी. वन्संनी तेलाची वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संचा चष्मा हातातून निसटून फरशीवर फुटला. जुन्या जाड काचा होत्या, त्यांच्या कपच्या सगळीकडे उडाल्या. चष्म्याशिवाय केर काढणार तरी किती धड? जेवढं दिसलं तेवढं सुपलीत भरलं आणि जेवणं उरकून, एक हात भिंतीला लावत, त्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेल्या.

आभाळ भरून आलं होतं. दुपारीच खोलीत सांजावल्यासारखं झालं होतं. काकू अनवाणी घरात वावरत होत्या, कारण चपलेवर त्यांचा आता भरवसा नव्हता. स्वयंपाकघरात पाणी प्यायल्या, आतल्या खोलीतून कात्री आणली, कापायच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि सहज खाली पाहिलं.

फरशीवर पाऊल उमटलं होतं. लाल. बोटांचे ठिपके धूसर, टाच मात्र ठसठशीत.

त्याच्यापुढे आणखी एक. तेही डाव्या पायाचं. उजव्याचं एकही नाही.

दार आतून बंद होतं. काकूंनी कडी बघितली, हात लावून बघितली. मग कात्री मुठीत धरून त्या पावलांच्या मागे निघाल्या. पावलं आतल्या खोलीत गेली होती. कपाटापाशी थांबली होती, पलंगाला वळसा घालून आली होती, जणू कुणी घर बघत हिंडत होतं. तिथून स्वयंपाकघर. माठापाशी तर कुणी पाय रोवून उभं राहिल्यासारखा मोठा डाग होता. म्हणजे आपण इथे पाणी पीत होतो तेव्हा तो...

"कोण आहे?" काकूंनी कात्री पुढे केली. "कोण आहे घरात?"

नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज. त्यांनी न्हाणीघराचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. पण त्या वळल्या. जिथून त्या आत्ताच चालत आल्या होत्या, तिथे मघाशी फरशी स्वच्छ होती. आता तिथे ओळीने पावलं होती. ताजी, ओली. थेट त्यांच्या पाठीशी येऊन थांबलेली.

त्या पळाल्या नाहीत. पळायचं कुठे? भिंतीला टेकून त्या खाली सरकल्या आणि बसल्या. बसल्यावर डावा पाय समोर आला. टाचेत काचेची लांब कपची घुसली होती आणि तिच्या कडेने रक्त शांतपणे वाहत होतं.

त्यांनी कपचीला बोट लावलं. हलवून पाहिली. बोटाला काच लागली, पायाला काहीच लागलं नाही. घरात चोर असता तर बरं झालं असतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. चोर निघून तरी गेला असता.

वन्संनी दाराबाहेरून हाका मारल्या, त्या कितव्या हाकेला काकूंना ऐकू आल्या कोण जाणे. कडी काढायला त्या रांगत गेल्या. नव्या चष्म्यातून वन्संनी पहिली गोष्ट पाहिली ती ही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काच काढली, टाके घातले, आणि बोटांच्या बेचक्यांत भाजल्याचे जुने फोड दाखवले. "हे कधीचे?" दोघींनाही माहीत नव्हतं. रक्त तपासलं तर साखर भलतीच वाढलेली निघाली.

"पण दुखणं तर थांबलं होतं हो," वन्सं म्हणाल्या.

"थांबलं नव्हतं. नसा मुक्या झाल्या होत्या. आधी आग होत होती, तेव्हा त्या ओरडून सांगत होत्या."

रिक्षात वन्सं बाहेर तोंड करून बसल्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "वहिनी, मी तुम्हाला उकळत्या पाण्यात बसवलं."

"मीच मागितलं ना ते," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही बसवलंत म्हणून निदान कुणीतरी पायांना हात लावत होतं."

उपाय बंद झाले नाहीत, फक्त त्यांना लगाम बसला. साखर उतरवायच्या गोळ्या वेळच्या वेळी. पाणी कोमट, तेही वन्संनी आधी कोपर बुडवून बघायचं. तेल चालेल, पण बोटांच्या बेचक्यात नाही. लसूण हद्दपार. घरातही बंद चप्पल, आणि आत पांढरे मोजे, म्हणजे काही लागलं तर लाल दिसेल. रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे तपासायचे.

जखम भरायला फार दिवस लागले. मशीनला मोटर बसली. ती वेडीवाकडी पळू लागली की काकू तिला शिव्या घालत. पावसाळा सरता सरता एका सकाळी उजव्या अंगठ्यात मुंगी चावल्यासारखं झालं. काकूंनी हातातलं काम टाकलं. पुन्हा झालं. "वन्सं, दुखतंय!" त्या ओरडल्या, आणि वन्सं चहाचं भांडं तसंच हातात घेऊन धावत आल्या. नवरा गेल्यानंतर त्या घरात एवढ्या मोठ्याने कुणी हसलं नव्हतं.

डावा पाय मात्र परत आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल किंवा येणारही नाही. तो चालतो, उभा राहतो, सांगितलं तिथे जातो. पण आरशात त्याचा तळवा दिसला की काकूंना अजून वाटतं, हे कुणी वेगळंच माणूस आपल्या घरात राहायला आलंय, ज्याला बोलता येत नाही. त्याला काही झालं तर ते सांगणार नाही. त्यामुळे रोज वाकून, आपणच विचारायला हवं.

"काय म्हणतोय आज?" वन्सं आतून विचारतात.

काकू आरसा थोडा तिरपा करतात, टाच उजेडात धरतात, आणि नीट बघितल्याशिवाय उत्तर देत नाहीत.